लिक्विड कार्बनचा डोस वाढवू की सरळ गॅसचा सिलिंडर घेऊ?

गप्पी_साठ

मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतोय.

माशांची, पाणवनस्पती लावलेली टाकी, दोन फुटी. दगड, लाकूड, माती वजा जाता आत साधारण ५५ लिटर पाणी. हँग ऑन फिल्टर. खाली ॲक्वासॉइल (झाडांसाठीची खास माती), वर एलईडी, पूर्ण ब्राइटनेसवर रोज ९ तास. लाकडावर ॲन्युबियस नाना आणि जावा फर्न बांधलंय, मागे व्हॅलिसनेरिया आणि रोटाला रोटंडिफोलिया, पुढे मॉन्टे कार्लोचे तुकडे लावलेत, कार्पेट होईल, म्हणजे तळावर हिरवळ पसरेल, या आशेवर. निऑन टेट्रा १२, कोरी (तळाशी चरणारे मासे) ५ आणि चेरी श्रिंप (बारीक कोळंबी), जे आता मोजण्यापलीकडे गेलेत.

अडचण अशी की मॉन्टे कार्लो जिवंत आहे पण पसरत नाही, उलट मातीतून सुटून वर येतं. रोटाला खालून पानं गाळतंय आणि वर लांबलचक, विरळ वाढतंय. ॲन्युबियसच्या पानांच्या कडांना ब्लॅक बिअर्ड अल्गी (बीबीए, काळं शेवाळ). म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून लिक्विड कार्बन (झाडांना कार्बन देतं म्हणून विकतात ते बाटलीतलं द्रव) सुरू केलं, रोज सकाळी २ मिली. बीबीए कमी झालं हे खरं. पण व्हॅलिसनेरियाची पानं पारदर्शक होऊन विरघळली, जाळीने गोळा करून काढावी लागली. मॉन्टे कार्लो आणि रोटाला जैसे थे.

आता तोच मित्र म्हणतो डोस दुप्पट कर, कार्बन डायऑक्साइड गॅसचंच काम बाटलीतून होतं. दुसरा म्हणतो बाटली फेकून दे, सिलिंडर आण. सिलिंडरला घरातून विरोध आहे. मुलगी तीन वर्षांची आहे, आणि दाबाखालचा गॅस बैठकीच्या खोलीत ठेवायचा म्हटलं की चर्चा तिथेच संपते.

दोन्हीतून झाडांना सारखाच कार्बन मिळतो का? डोस दुप्पट केला तर गॅसची बरोबरी होईल का?

शून्यवॅट

वाचनखूण साठवली. माझ्याकडे इजेरिया असंच विरघळलं होतं. जाणकार काय म्हणतात याची वाट बघतोय.

पाणकोंबडी

डोस दुप्पट करू नका. एवढं आजच्या आज ऐका, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात काम करते. पोटात दुर्बीण घालून तपासणी करतात ना, त्या लवचिक नळ्या ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) उष्णतेत टिकत नाहीत. त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं रसायन म्हणजे २ टक्क्यांच्या आसपासचं ग्लुटराल्डिहाइड. नळी धुवायची, द्रावणाच्या ट्रेमध्ये ठरलेला वेळ बुडवायची, पुन्हा भरपूर पाण्याने धुवायची. हातमोजे, गॉगल, चालू एक्झॉस्ट. हे सगळं असूनही तो वास नाकात बसतो तो बसतोच. मी पहिल्यांदा मैत्रिणीच्या घरी लिक्विड कार्बनचं झाकण उघडलं तेव्हा लेबल वाचायची गरज पडली नाही.

तुमच्या बाटलीत त्याच कुळातलं रसायन आहे. सीकेम ही कंपनी आपल्या फ्लरिश एक्सेलमधल्या घटकाला पॉलिसायक्लोग्लुटरॲसिटल म्हणते, ते ग्लुटराल्डिहाइडचंच एक रूप. बाकी बऱ्याच बाटल्यांत सरळ ग्लुटराल्डिहाइडच असतं. छंदातली मंडळी त्याची ताकद साधारण दीड टक्का धरतात. म्हणजे बघा, बाटलीतलं द्रव आमच्या ट्रेमधल्या द्रावणाहून फारसं पातळ नाही. ते ५५ लिटर पाण्यात पडतं म्हणून मासे जगतात.

आता हिशेब करू, कारण याच हिशेबापाशी सगळे वाद मिटतात. दीड टक्का म्हणजे एका मिलीत १५ मिलीग्रॅम. तुमचे २ मिली म्हणजे ३० मिलीग्रॅम. ग्लुटराल्डिहाइडच्या रेणूत कार्बनचे पाच अणू असतात. त्यातला शेवटचा अणूसुद्धा वाया न जाता कार्बन डायऑक्साइड झाला असं समजलं, तरी ३० मिलीग्रॅमपासून ६६ मिलीग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होईल. ५५ लिटरमध्ये वाटला तर लिटरला १.२ मिलीग्रॅम. दिवसातून एकदा, आणि तोही सर्वांत उदार हिशेबाने. माशांच्या आणि मातीतल्या जिवाणूंच्या श्वासातून टाकीला एवढा कार्बन डायऑक्साइड सहज मिळत असतो, बाटली असो वा नसो.

आता गॅसचं बघा. तुमच्या आकाराच्या टाकीला सेकंदाला एक बुडबुडा, आठ तास, असं साधारण देतात. बुडबुड्याचा आकार बुडबुडे मोजायच्या काउंटरप्रमाणे बदलतो, पण ढोबळमानाने दिवसाला दोन ते चार ग्रॅम गॅस जातो. ६६ मिलीग्रॅम विरुद्ध दोन-चार हजार मिलीग्रॅम. त्यातला बराचसा पृष्ठभागावरून उडून जातो हे धरूनही पाण्यात दिवसभर लिटरला २० ते ३० मिलीग्रॅम टिकून राहतो. बाटलीने एवढं गाठायचं तर पहिल्याच दिवशी टाकीत एकही जीव उरणार नाही. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ‘थोडं कमी पडेल’ या अर्थाचं ते ‘नाही’ नव्हे.

मग बाटलीने फरक पडतो असं इतक्या जणांना का वाटतं? कारण फरक पडतो. पण तो शेवाळावर पडतो. ग्लुटराल्डिहाइडच्या रेणूला दोन्ही टोकांना अल्डिहाइड गट असतात, ते प्रथिनांना चिकटून त्यांना एकमेकांत जखडून टाकतात. जिवाणू मरतात ते यामुळेच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायच्या पेशी पक्क्या करायला आणि कातडी कमवायलाही हेच रसायन वापरतात. शेवाळाचे बारीक तंतू थेट पाण्यात उघडे असतात, त्यांना पहिला फटका बसतो. पानावरची बुरशट साय गेली की पानाला प्रकाश मिळतो, पाणी मिळतं, झाड तरारतं, आणि श्रेय कार्बनला जातं. कंपन्या म्हणतात झाडं त्यातला कार्बनही वापरतात. वापरत असतील, मी भांडत नाही. सगळाच्या सगळा वापरला तरी किती, ते वर मांडलंय.

तुमचं व्हॅलिसनेरिया गेलं तेही याच रसायनाने. व्हॅलिसनेरिया, इजेरिया, एलोडिया, हॉर्नवर्ट, काही मॉस आणि लिव्हरवर्ट या मंडळींची पानं पातळ असतात, त्यांना हे सोसत नाही. गंमत म्हणजे व्हॅलिसनेरिया आणि इजेरिया पाण्यातलं बायकार्बोनेट फोडून त्यातला कार्बन वापरू शकतात. ज्यांना बाहेरून कार्बनची सर्वांत कमी गरज, तेच पहिले बळी. शून्यवॅट, तुमचं इजेरिया यातच आलं. गप्पी, मुळं उपटू नका. डोस थांबवलात की बहुतेक वेळा गड्ड्यातून नवी पानं येतात.

आणखी एक. बाटलीवर रोजचा डोस बघा. एक्सेलवर २०० लिटरला ५ मिली लिहिलेलं असतं. त्या प्रमाणाने ५५ लिटरला १.४ मिली होतात. तुम्ही २ देताय, म्हणजे आधीच जवळजवळ दीडपट. दुप्पट केलंत तर तिप्पट होईल. उन्हाळ्यात पाणी तापलं की ऑक्सिजन आधीच कमी असतो, अशा वेळी असले प्रयोग श्रिंपवर आधी निघतात.

आता तुमच्या टाकीबद्दल माझं मत. तुम्हाला कार्बन कमी पडतोय असं दिसतंय कारण प्रकाश जास्त आहे. गॅस नसलेल्या टाकीवर ९ तास पूर्ण ब्राइटनेस म्हणजे झाडांकडून काम मागायचं आणि कच्चा माल द्यायचा नाही. हवेशी समतोल झालेल्या साध्या पाण्यात, २५ अंशांना, लिटरमागे जेमतेम अर्धा मिलीग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो, मासे-मातीमुळे तो थोडा वर जातो इतकंच. शिवाय पाण्यात वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट हळू पसरतो, त्यामुळे पानाला चिकटलेल्या पाण्याच्या थरातला साठा संपला की नवा यायला वेळ लागतो. झाडं थांबतात, प्रकाश थांबत नाही, आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळ जगतं.

म्हणून बाटली नको आणि सिलिंडरही लगेच नको. प्रकाश अर्ध्यावर आणा, सहा तास ठेवा. फिल्टरचा प्रवाह ॲन्युबियसच्या पानांवरून जातोय ना ते बघा, साचलेला गाळ काढा. बीबीए असलेली जुनी पानं कापा, ॲन्युबियस त्याने मरत नाही. मागे रोटाला राहील, फक्त हिरवं आणि सावकाश. लाली विसरा. मॉन्टे कार्लोच्या जागी क्रिप्टोकोरीन वेंडटी लावा, किंवा मॉन्टे कार्लोच हवं असेल तर मग गॅसचा विचार करा, मधला मार्ग नाही.

बाटली घरात राहणारच असेल तर कुलपात ठेवा. हे मी कामाच्या ठिकाणच्या सवयीने सांगतेय. त्वचेला झोंबतं, डोळ्यांना वाईट, आणि सतत वाफ घेणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये यामुळे दमा झाल्याचं वैद्यकशास्त्रात चांगलं नोंदलेलं आहे. घरातले सिलिंडरला घाबरतात. तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला लागू शकणाऱ्या या दोन वस्तूंपैकी मला बाटलीची भीती जास्त वाटते.

क्रिप्टोप्रेमी

पाणकोंबडीताई, सविस्तर प्रतिसादाबद्दल धन्यवाद, पण जरा एकतर्फी झालं असं वाटतं. माझ्या दोन टाक्या वर्षानुवर्षं लिक्विड कार्बनवर आहेत. क्रिप्टो, ॲन्युबियस, ब्युसेफॅलेंड्रा, सगळं उत्तम. श्रिंप पिल्लं देतात. बाटली बंद केली की महिन्याभरात पानांवर शेवाळ धरतं, पुन्हा सुरू केली की जातं. हा पुरावा नाही का?

दुसरं, त्याच लेबलवर मोठ्या पाणीबदलानंतर ४० लिटरला ५ मिली द्या असंही लिहिलंय. म्हणजे ५५ लिटरला जवळजवळ ७ मिली. कंपनी स्वतः ७ म्हणतेय, मग गप्पींच्या ४ मिलीने आकाश कसं कोसळेल?

पाणकोंबडी

क्रिप्टोप्रेमी, तुमचा पुरावा मला मान्यच आहे, तो माझ्या बाजूचा आहे. बंद केलं की शेवाळ येतं, सुरू केलं की जातं, हे शेवाळनाशकाचं वर्णन झालं. आणि तुमची यादी बघा: क्रिप्टो, ॲन्युबियस, ब्युसेफॅलेंड्रा. जाड पानांची, संथ वाढीची, कमी प्रकाशात समाधानी. ही झाडं बाटलीशिवायही वाढतात. त्यांचा एकच शत्रू, पानावर बसणारं शेवाळ, तो तुम्ही रोज थोडा थोडा मारता. टाकी चांगली चाललीय, बदल करू नका. फक्त कुणी रोटाला मॅक्रॅन्ड्रासारखं भरपूर प्रकाश-कार्बन मागणारं झाड आणून ‘क्रिप्टोप्रेमींची बाटलीवर चालते, माझीही चालेल’ म्हणालं तर त्याला अडवा.

लेबलच्या ७ मिलीचा मुद्दा बरोबर पकडलात. तो डोस एकदाच द्यायचा असतो, सुरुवातीला किंवा ४० टक्के आणि त्याहून मोठ्या पाणीबदलानंतर. हवेशीर, जिवंत पाण्यात जिवाणू ग्लुटराल्डिहाइड खाऊन टाकतात, साधारण दहा-अकरा तासांत निम्मं होतं. म्हणून एक मोठा डोस दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत विरतो. रोज जास्त दिलंत तर कालचं थोडं उरलेलं असतानाच आजचं पडतं. निरोगी माशांना तेही सोसेल कदाचित. पण बदल्यात मिळणार काय? लिटरमागे अजून एक-सव्वा मिलीग्रॅम. गप्पींचं व्हॅलिसनेरिया २ मिलीला गेलंय, उरलेल्या मुळांतून काही यायचं असेल तर ४ मिलीला तेही येणार नाही.

बाटलीचा मला पटणारा उपयोग एकच आहे: नेम धरून. फिल्टर बंद करायचा, त्या दिवसाचा ठरलेला डोस, त्याहून थेंबभरही जास्त नाही, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये घ्यायचा आणि पाण्याखाली बीबीएच्या पुंजक्यावरच सोडायचा. पाच-दहा मिनिटं पाणी स्थिर ठेवायचं, मग फिल्टर चालू. काही दिवसांत काळे पुंजके आधी लालसर-गुलाबी, मग पांढरे होतात. बीबीए मुळात लाल शेवाळांच्या वर्गातलं आहे, मरताना तो लाल रंग उघडा पडतो. गुलाबी दिसलं की त्या पुंजक्यावर पुन्हा मारू नका, तो संपलेला आहे. श्रिंप चरून फस्त करतात.

आणि कृपा करून कुणी औषध दुकानातलं निर्जंतुकीकरणाचं द्रावण ‘तेच तर आहे, स्वस्तात पडतं’ म्हणून टाकीत ओतू नका. त्यासोबत ॲक्टिव्हेटर येतो, तो द्रावणाला अल्कलाइन करतो, आणि काही द्रावणांत इतर गोष्टीही असतात. आमच्याकडे वापरून झालेलं द्रावण फेकायचेसुद्धा नियम आहेत.

स्पॅनरवाला

वाद रंगलाय. मी गॅसवाला, तेव्हा सिलिंडरची बाजू मांडतो. जपानचे टाकी-सजावटकार ताकाशी अमानो यांच्या ज्या टाक्यांचे फोटो बघून आपण सगळे या नादाला लागलो त्या गॅसवर चालायच्या, हे गप्पींच्या मॉन्टे कार्लोला कुणीतरी सांगायला हवं.

आधी भीतीचा भाग. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि २० अंशांना आतला दाब सुमारे ५७ बार. तापमान वाढलं की दाब चढतो, ३१ अंशांच्या पुढे तर द्रव आणि वायू हा भेदच राहत नाही. म्हणून ऊन लागेल तिथे ठेवायचा नाही, उभाच ठेवायचा, पट्ट्याने फर्निचरला बांधायचा. चाचणीची तारीख उलटलेला घ्यायचा नाही. जुन्या अग्निशामकाचा जुगाड करू नका, त्यात तळापर्यंत नळी असते, उभा ठेवला की वायूऐवजी द्रवच वर येतो आणि दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरचं वाटोळं करतो.

स्फोटापेक्षा खरा विचार गळतीचा करायचा. २ किलोचा सिलिंडर पूर्ण रिकामा झाला तर सुमारे ११०० लिटर वायू होतो. दहा बाय दहा बाय दहा फुटांची बंद खोली धरली तर हवेत जवळजवळ ४ टक्के. नेहमीच्या हवेत ०.०४ असतो. ४ टक्के ही जिवाला धोका मानलेली पातळी आहे, आणि हा वायू जड, खाली साचतो, म्हणजे लहान मुलांच्या उंचीवर. आता तोच हिशेब अर्ध्या किलोच्या सिलिंडरचा करा: १ टक्का. खोली बंद नसेल तर त्याहून बरंच कमी. ५५ लिटरच्या टाकीला अर्धा किलो काही महिने सहज पुरतो. घरात मूल असेल तर मोठा सिलिंडर आणून ‘वारंवार भरायला नको’ हा विचारच करू नये. जोडण्या साबणाच्या पाण्याने तपासायच्या, वॉशर दर भरणीला नवा.

सामानात एकाच ठिकाणी हात आखडू नका, ते म्हणजे रेग्युलेटर. चांगला नीडल व्हॉल्व्ह (गॅसची धार बारीक करायला) आणि सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारा व्हॉल्व्ह) हवाच. सिलिंडरवरचा काटा शेवटपर्यंत तेवढाच दाब दाखवतो कारण आत द्रव आहे तोवर दाब बदलत नाही. किती उरलंय हे काट्यावर कळत नाही, वजन करूनच कळतं. द्रव संपला की काटा पडायला लागतो, आणि सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात दाब उतरवणाऱ्या) रेग्युलेटरमध्ये नेमकं तेव्हाच बाहेरचा दाब चढून बुडबुड्यांची धार लागू शकते. मासे मेल्याच्या ज्या गोष्टी ऐकता त्यातल्या बऱ्याच या शेवटच्या टप्प्यातल्या. काटा हलला की सिलिंडर बदला, ‘अजून चार दिवस निघतील’ करू नका. ड्युअल स्टेज परवडत असेल तर उत्तम.

टायमरवर सोलेनॉइड दिव्यांच्या एक-दोन तास आधी चालू, दिवे जायच्या तासभर आधी बंद. रात्री गॅस नको, अंधारात झाडंही ऑक्सिजनच घेतात. नळी साधी सिलिकॉनची नको, तिच्यातून गॅस झिरपतो, पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या. चेक व्हॉल्व्ह विसरलात तर पाणी उलटं रेग्युलेटरमध्ये येईल.

पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजायला ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत लावायची रंग बदलणारी छोटी कुपी. त्यात टाकीचं पाणी भरायचं नाही, ४ डीकेएचचं (केएच म्हणजे पाण्याची कार्बोनेट कठीणता) तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. निळा म्हणजे कमी, पोपटी-हिरवा म्हणजे लिटरला ३० मिलीग्रॅमच्या आसपास, पिवळा म्हणजे धोका. पण तो दोनेक तास मागचं सांगतो. केएच आणि पीएचवरून काढायचं कोष्टकही आहे, केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर ३० येतात, मात्र तुमची ॲक्वासॉइल केएच खाऊन टाकते, तुमच्याकडे ते आकडे खोटे बोलतील. सगळ्यात विश्वासू मीटर म्हणजे मासे. वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की गॅस बंद, फिल्टरचं पाणी उंचावरून पडू द्या.

क्रिप्टोप्रेमी

ताई, शेवाळनाशकाचा मुद्दा पटला. नेम धरून मारायचं करून बघतो, रोजचं ओतणं थोडं थोडं कमी करत. ‘एकतर्फी’ मागे घेतो, ‘ठाम’ म्हणतो.

खटपट्या

तिसरा पर्याय कुणी बोललंच नाही. सायट्रिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा, दोन्ही २००-२०० ग्रॅम. सोडा पूर्ण वापरला गेला तर सुमारे १०५ ग्रॅम गॅस मिळतो, म्हणजे ५५ लिटरच्या टाकीला महिनाभर. नीडल व्हॉल्व्ह लावता येतो, हवा तेव्हा बंद करता येतो. यीस्ट-साखरेच्या बाटलीला बंद करायची सोय नाही, रात्रभर बुडबुडे चालूच, आणि थंडीत मंद, गरमीत सुसाट.

मी हेच वापरतो. कटकट आहे, पण मला कटकट आवडते.

स्पॅनरवाला

@खटपट्या, चालतं, पण तेही दाबाचंच भांडं आहे. त्यासाठी बनवलेला धातूचा किट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर ठीक. कोल्ड्रिंकच्या बाटलीला भोक पाडून तीन वर्षांच्या मुलीच्या घरात नको.

गप्पी_साठ

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

पाणकोंबडीताई, बाटली काल रात्रीच वरच्या कपाटात कुलपात गेली. तुमचा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवला. परिणाम असा झाला की आता सिलिंडरबरोबर बाटलीवरही बंदी आली आहे. प्रकाश ५० टक्के आणि सहा तास केलाय.

दोन शंका. एक, मॉन्टे कार्लोवर जीव जडलाय, क्रिप्टो लावायला हात धजत नाही. गॅसशिवाय खरंच काही आशा नाही? दोन, प्रकाश कमी केल्यावर टाकीतल्या नायट्रेटचं काय, झाडं हळू वाढली तर ते कोण खाणार?

पाणकोंबडी

बंदी दोन्हींवर आणायचा माझा हेतू नव्हता, पण वाईट झालं असंही म्हणणार नाही.

मॉन्टे कार्लो गॅसशिवाय मरत नाही, सावकाश सरकतं आणि दाट होत नाही. तुकडे अजून बारीक करून चिमट्याने खोल लावा, वर जेमतेम टोकं राहू देत, म्हणजे सुटून येणार नाहीत. कोरी उकरणार, ते गृहीत धरा. नव्या टाकीत करायचं असतं तर मी पाणी न भरताच लावायला सांगितलं असतं. ओली माती, वर प्लास्टिकचं झाकण, काही आठवडे. पानं हवेत असतात तेव्हा कार्बनची टंचाई नसतेच, कार्पेट धरलं की पाणी भरायचं. मासे असलेल्या टाकीत ते जमणार नाही.

दुसऱ्या शंकेचं उत्तर याच गोष्टीत आहे. तरंगती झाडं टाका. साल्व्हिनिया किंवा फ्रॉगबिट. मुळं पाण्यात, पानं हवेत. नायट्रेट तुमच्या टाकीतून ओढतात आणि कार्बन डायऑक्साइड थेट खोलीतल्या हवेतून घेतात, जिथे तो कधी संपत नाही. टाकीला गॅस न देणाऱ्याने यांच्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, बाटलीआधी, सिलिंडरआधी. शिवाय सावली पडते, म्हणजे खालच्या ॲन्युबियसवरचा प्रकाश आपोआप कमी होतो. टाकीबाहेर पानं आणि आत मुळं अशा रीतीने मनी प्लांटची फांदी फिल्टरमध्ये खोचलीत तरी तेच काम होतं, फक्त माशांनी मुळं कुरतडू नयेत एवढं बघा.

साल्व्हिनिया वाढली की दर आठवड्याला निम्मी काढून टाकायची. काढली नाहीत तर पूर्ण पृष्ठभाग झाकते आणि मग खाली काहीच उगवत नाही, मॉन्टे कार्लो तर नाहीच.

गप्पी_साठ

साल्व्हिनिया मागे एकदा आणली होती, हँग ऑन फिल्टरच्या धारेखाली सारखी बुडत राहिली आणि काळी पडून गेली. यावर उपाय?

खटपट्या

एअर पंपाची साधी नळी घ्या, टोकं कनेक्टरने जोडून गोल कडं करा. आत हवा असल्याने ते तरंगतं. एका सक्शन कपने काचेला अडकवा, धारेपासून लांबच्या कोपऱ्यात. साल्व्हिनिया कड्याच्या आत ठेवायची. मॉन्टे कार्लो ज्या बाजूला आहे ती बाजू मोकळी सोडा.

पाणकोंबडी

खटपट्यांना अनुमोदन. शिवाय पाण्याची पातळी फिल्टरच्या ओठापर्यंत आणा, धार पडायचीच थांबेल. त्याने पृष्ठभाग कमी खळबळतो आणि आहे तो कार्बन डायऑक्साइड जरा जास्त वेळ टिकतो. उन्हाळ्यात मात्र पातळी पुन्हा खाली करा, तेव्हा ऑक्सिजनची गरज जास्त.